आधी पोरीला विचारा

"ताराबाई, तुमचं सगळं आयुष्य फुलांत गेलं. त्यावर काहीतरी हळुवार लिहा ना," असं अंकाच्या संपादक बाई म्हणाल्या. हळुवार! पहाटे दादरच्या फूलबाजारात चिखलात उभं राहून तगरीच्या कळ्यांसाठी भांडणाऱ्या बाईने हळुवार काय लिहायचं? बोटांना केळीच्या सोपाच्या दोऱ्याने चिरा पडलेल्या, वाकून वाकून पाठ धरलेली, आणि वर लोक म्हणणार, तुमचं काय बाई, सुगंधी काम. सुगंध गेला खड्ड्यात. मी तापट बाई आहे. लिहीन ते तापूनच लिहीन. छापायचं तर छापा.

आधी धंदा सांगते, कारण हल्लीच्या पोरींना 'वाडी' म्हटलं की नारळीपोफळीची वाडी आठवते. आमची वाडी म्हणजे फुलांचे दागिने. मुकुट, कानांतली फुलं, हार, बाजूबंद, बांगड्या, कंबरपट्टा, सगळं कळ्यांचं. सोनं नसलेल्या बाईलाही एक दिवस डोक्यापासून पायापर्यंत मढवता येतं. गिरणी बंद पडली तेव्हा आमच्या ह्यांनी सुतारकाम धरलं आणि मी हे धरलं. ते प्लायवूड आणि थर्माकोलची मखरं करायचे, मी वाडी गुंफायची. विक्रोळीला टेकडीखालच्या चाळीत आमची खोली, बाहेरच्या ओट्यावर आमचा कारखाना. शेजारची सुलोचना हाताखाली असायची. ती बौद्ध, मी मराठा, आणि आमची सुई एकाच दोऱ्यात चालायची.

या धंद्यात दोन गोष्टी पाळायच्या. एक, वाडी नेहमी अंगाच्या मापाची करायची. दोऱ्याने मनगट, दंड, कंबर, डोकं मापायचं आणि दोऱ्याला गाठी मारायच्या. दुसरी, अंगावर चढलेली वाडी कात्रीने कापायची नाही. गाठ सोडवून उतरवायची, कितीही वेळ लागो. कात्री लावणं अशुभ. हे मला माझ्या मावशीने शिकवलं होतं आणि मी ते पाळत आले होते.

गिऱ्हाइकं काय एकेक! मुलुंडच्या एका बाईने सुनेच्या डोहाळजेवणाला वाडी करून घेतली, आणि फोटो झाल्यावर म्हणते कशी, जपून काढा हो, उद्या धाकटीलाही हीच घालायची आहे. म्हटलं बाई, कळ्या आहेत, स्टीलची भांडी नाहीत. मढ बेटावरच्या एका बंगल्यात शूटिंगसाठी गेले होते, तर हिरॉइनच्या पोटावर उशी बांधलेली. उशीचं माप घेतलं मी दोऱ्याने! जेवण मात्र झकास होतं.

हे सगळं ठीक होतं. माझं डोकं फिरायचं ते न्हाणाच्या कामाला.

न्हाण म्हणजे काय ते आता चारचौघांत बोलत नाहीत, म्हणून मी बोलते. पोरीला पहिल्यांदा पाळी आली की तिला कोपऱ्यात बसवायची. वेगळं ताट, वेगळं अंथरूण, कुणी शिवायचं नाही. चौथ्या दिवशी सुवासिनींनी न्हाऊ घालायचं, पाचव्या दिवशी नवी साडी, फुलांची वाडी, मखर, गाणी, ओटी. चार दिवस विटाळ आणि पाचव्या दिवशी देवी. पुढच्या महिन्यात देवीला परत कोपरा. पूर्वी बालविवाह व्हायचे, तेव्हा पोर सासरी धाडायची वेळ झाली हे कळवायला हे सगळं होतं. बालविवाह गेले म्हणतात. मग कळवायचं कुणाला?

लोकांना वाटतं मुंबईत हे बंद पडलं होतं. बंद कसलं! घरात रंगीत टीव्ही आला, पोरी कॉन्व्हेंटला जायला लागल्या, आणि घाटकोपर-मुलुंडच्या घरांत न्हाण आणखी थाटात व्हायला लागलं. एके ठिकाणी तर व्हिडिओवाला बोलावला होता. निमंत्रण मात्र 'हळदीकुंकवाचं'. लाज वाटते तर करता कशाला, आणि करता तर लाजता कशाला? सुलोचनाच्या घरी तिच्या सासऱ्यांनीच हे सगळं मोडून टाकलं होतं. मी एकदा तिला म्हटलं, चार दिवस आराम तरी मिळतो गं पोरीला. तशी ती सुई खाली ठेवून म्हणाली, "तारा, शिवायचं नाही म्हणजे काय असतं ते आम्हाला विचार. आरामासाठी कुणी कुणाला लांब ठेवत नाही." ती खरं बोलत होती.

आता वैशालीचं सांगते.

कांजूरमार्गला एका चाळीत प्रभा नावाची बाई राहायची. नवरा वसंतराव कारखान्यात कामाला, साधा माणूस. थोरली पोर वैशाली, सातवीत, खो-खो खेळायची. प्रभा एके दिवशी माझ्या ओट्यावर आली, चेहऱ्यावर नुसता उत्साह. "तारामावशी, आमची वैशू शहाणी झाली. परवा मखर हवंय. गावाहून माझी नणंद पण आली आहे योगायोगाने."

ही नणंद म्हणजे वसंतरावांची मोठी बहीण, मालवणकडची. सगळे तिला आक्का म्हणायचे. योगायोग वगैरे काही नव्हता. आक्काला आपल्या मुलासाठी मामाची मुलगी हवी होती, आणि पोर कधी न्हाती होते याच्यावर तिची नजर होती. सातवी झाली की शाळा बंद, मग गावी आक्काकडे राहून घरकाम शिकायचं, वय झालं की लग्न, असं ठरत आलं होतं. हे प्रभानेच मला मोठ्या कौतुकाने सांगितलं.

मी म्हटलं, माप घ्यायला येते. तर प्रभा म्हणाली, "नको नको, तिला आत्ता शिवता येत नाही. हा तिचा फ्रॉक घे, त्यावरून कर." मी फ्रॉकवरून माप काढलं. एवढीशी कंबर. दोऱ्याला गाठ मारताना सुलोचना म्हणाली, "अगं, ही तर पोर आहे." म्हटलं, पोरच असते गं, म्हणून तर घाई असते.

ठरल्या दिवशी मखर लावलं. चाळीतल्या बायका जमल्या, गाणी सुरू झाली. पुरुष बाहेर गॅलरीत. वैशाली हिरवी साडी नेसून मखरात बसली होती आणि मी वाडी चढवायला घेतली. मुकुट बसला. बाजूबंद बसले. हाताला हात लागला तर पोर तापलेली. कंबरपट्टा बांधायला गेले, तर तो एका बाजूला ओढला जात होता. पोर एका कुल्ल्यावर बसलेली, दुसरी बाजू उचललेली.

"सरळ बस गं, पट्टा वाकडा होतोय."

"नाही बसता येत," ती म्हणाली.

बायका हसल्या. "लाजतेय गं!" आक्का म्हणाली, "लाजतली नाय तर काय, बाईमाणूस झाला आता." प्रभा म्हणाली, दोन दिवस अंगात कसर आहे, पहिल्या वेळेला येतेच. सगळ्यांकडे उत्तर तयार. मी पोरीच्या तोंडाकडे बघितलं. घामाने कपाळावरचं कुंकू ओघळत होतं, दात आवळलेले होते. लाजणाऱ्या पोरी मी खूप बघितल्यात, ही लाजत नव्हती.

मी तिला उठवून मोरीच्या पडद्यामागे नेलं. म्हटलं, साडी वर कर. मांडीच्या मागे, पार वरती, वीतभर जखम. सुजून लालबुंद, पू धरलेला, त्याच्यावर आदल्या दिवशी न्हाऊ घालतानाची हळद तशीच चिकटलेली.

"हे काय गं? कधी लागलं?"

"मैदानात जायला पत्र्यावरून उडी मारली ना, तेव्हा," ती हळूच म्हणाली. "आईला सांगू नको हं, मारेल. फ्रॉकला रक्त लागलं ते तिने बघितलं होतं, पण मग ती ओरडलीच नाही. एकदम गोड बोलायला लागली. सगळ्या म्हणाल्या, मी मोठी झाले." आणि मग तिने मला विचारलं, "मावशी, पत्रा लागला की मोठं होतात?"

बघा. नीट वाचा आणि बघा. आईने फ्रॉकवर रक्त बघितलं, आणि पोरीला काय झालं हे विचारलं नाही. कारण ते विचारायचं नसतं! फडकी हातात दिली आणि कोपरा दाखवला. चार दिवस तिला कुणी शिवलं नाही, म्हणून जखम कुणाला दिसली नाही. ती कण्हली तर म्हणे पहिल्यांदा दुखतंच. न्हाऊ घातलं ते परकर नेसवून, गाणी म्हणत. पाच सुवासिनींचे दहा हात त्या अंगावरून फिरले आणि एकीलाही काही दिसलं नाही. पोरीला तर पाळी म्हणजे काय तेच कुणी सांगितलेलं नव्हतं. तिला वाटलं, मोठ्यांना कळतंय ना, मग असेल तसंच.

मी पडदा बाजूला केला आणि ओरडले. "बंद करा ती गाणी! पोरीला न्हाण-बिण काही आलेलं नाही. मांडी फाटलीय तिची पत्र्याने. आत पू झालाय, अंगात ताप आहे. डॉक्टरकडे न्या आधी!"

गाणं थांबलं. प्रभाचा चेहरा पांढराफटक पडला. आणि ती पहिलं वाक्य काय बोलली माहीत आहे? "मावशी, हळू बोल ना, बाहेर पुरुष आहेत."

आणि आक्का! आक्का पाटावरून हललीसुद्धा नाही. म्हणाली, "आज नाय तर फाल्यां होतलीच होती. लोकां जमली आसत. आधी ओटी भरून घेवा, मगे डॉक्टर."

माझं डोकंच सरकलं. मी पिशवीतून कात्री काढली आणि पोरीच्या अंगावरचा कंबरपट्टा कचकन कापला. बाजूबंद कापले, हार कापला. कळ्या सगळीकडे सांडल्या. एक बाई किंचाळली, "अगं, अंगावरची वाडी कापते ही!" होय, कापते. जखमी पोर चार दिवस कोपऱ्यात बसवून ठेवलीत ते अशुभ नाही, आणि मला कात्रीचं सांगताय?

सुलोचना फुलांची परात घेऊन दाराशी बसली होती. तिने परात टाकली आणि रिक्षा आणायला पळाली. गॅलरीत वसंतराव नव्या सफारीत उभे, काय चाललंय तेच त्यांना कळेना. बायकांच्या गोष्टी म्हणून त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. म्हटलं, "भाऊ, पोरीच्या पायात विष चढतंय. उचला तिला." आक्का आतून म्हणाली, बापाने आज बघायची नसते. वसंतरावांनी ऐकलं की नाही माहीत नाही. ते आत आले, पोरीला उचललं आणि जिना उतरले. मुकुट तसाच तिच्या डोक्यावर राहिला होता.

दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंनी जखम उघडली, इंजेक्शनं दिली. पोर ओरडली ती रस्त्यावर ऐकू गेली असेल. मग बाईंनी प्रभाला बाहेर बोलावून झापली, की अजून उशीर केला असता तर पाय गेला असता. आणि हेही स्पष्ट सांगितलं, की हिला पाळी आलेली नाही, ही अजून लहान आहे.

तुम्हाला वाटेल, संपलं. पोर वाचली, चूक कळली, सगळे हसले, शाळा सुरू. मलाही तसंच वाटलं होतं. मी मूर्ख.

दोनेक महिन्यांनी वैशाली लंगडत माझ्या ओट्यावर आली. बसली, कळ्या निवडायला लागली आणि म्हणाली, "मावशी, आई मला दर महिन्याला कोपऱ्यात बसवते."

"का? तुला आली का?"

"नाही ना. खोटं खोटं. चाळीत लाडू वाटून झाले, आक्काआत्याने साडी दिली. आई सगळ्यांना सांगते, पत्रा लागला हे खरं, पण न्हाणही आलंच होतं. आता नाही आली म्हटलं तर सगळे हसतील. म्हणून आई कॅलेंडर बघते आणि म्हणते, बस. शाळेला पण दांडी."

हातातला दोरा फेकला मी. तशीच कांजूरला गेले. प्रभाला जे काय बोलले ते इथे छापता येणार नाही. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "तू फुलं बांधून घरी गेलीस मावशी. मला या चाळीत राहायचंय. पाण्याच्या रांगेत उभी राहते ना, तर बायका विचारतात, काय गं, पोरीचं न्हाण पत्र्याचं का? मला अकराव्या वर्षी मखरात बसवली होती. मला कोणी विचारलं होतं?" आणि ती रडायला लागली. रागाच्या भरात रडणाऱ्या बाईला काय बोलायचं, हे मला आजवर जमलेलं नाही. मी एवढंच म्हटलं, कोपऱ्यात बसव नाहीतर डोक्यावर बसव, पण पोरीची शाळा तोडशील तर मी चाळीच्या जिन्यात उभी राहून सगळं सांगेन. वसंतराव मागे उभे होते. ते पहिल्यांदाच बोलले, "शाळा नाही तुटणार."

शाळा तुटली नाही. पण आक्काचं ठरलेलं लग्न काही मोडलं नाही, फक्त पुढे ढकललं. "दहावीपर्यंत कशाक? नववी झाली की पुरे," असं आक्का दर सुट्टीत येऊन सांगायची. आणि महिन्याचा खोटा कोपरा चालूच. पोर तेवढी चलाख, कोपऱ्यात कुणी काम सांगत नाही म्हणून पुस्तक घेऊन बसायची.

त्या दिवसापासून मी एक नियम केला. न्हाणाचं काम घेऊन कुणी आलं की सांगायचं, आधी पोरीला विचारा. मी स्वतः तिला बघणार, बोलणार, मगच दोरा लावणार. अर्धी गिऱ्हाइकं गेली. म्हणायची, तारा आगाऊ झाली, वाडी कापणारी अवदसा. म्हणू देत.

पुढे एका दुपारी वैशाली पुन्हा आली. पार वर्षाच्या वर उलटलं होतं. उंच झाली होती. सुलोचना तिच्या घरात जाईपर्यंत थांबली आणि म्हणाली, "मावशी, आता खरं झालं."

मी तिला आत नेलं, काय करायचं, काय नाही, सगळं नीट सांगितलं. तिच्या वयाला मला कुणी सांगितलं नव्हतं. मग म्हटलं, आईला सांगितलंस?

"तिच्या हिशेबाने ते केव्हाच झालंय," ती म्हणाली. "आता सांगितलं तर महिन्यातून दोनदा कोपरा."

हसू की रडू ते कळेना मला. तेव्हापासून ही पोर खोट्या दिवसांत कोपऱ्यात बसायची आणि खऱ्या दिवसांत घरभर फिरायची. देवाला दिवा लावायची, पापड लाटायची, पाणी भरायची. कधीतरी ओट्यावर येऊन मला सांगायची, "मावशी, काही नासलं नाही हं." तिच्या बोलण्यात गंमत नव्हती. ती तपासून बघत होती.

तिची नववी सुरू होती. दिवाळी झाल्यावर आक्का आली आणि मला निरोप आला, साखरपुड्याची वाडी आणि मखर ठरवायला ये. गेले. न जाऊन सांगते कुणाला? आक्का पाटावर बसून भात जेवत होती, शेजारच्या दोघीतिघी बसल्या होत्या, प्रभा वाढत होती. वैशाली दाराच्या चौकटीला टेकून उभी. आक्काने कैरीच्या लोणच्याची फोड चोखत सांगितलं, "लोणचां बरां झालां हां. पोरीच्या हाताक गूण असा. मे म्हयन्यात माझ्यासमोर कालवलान तिना." मग मला म्हणाली, "घे गो माप तिचां."

मी दोरा पिशवीतून काढला, पण हातातच ठेवला. म्हटलं, "माझा नियम तुम्हाला माहीत आहे आक्का. आधी पोरीला विचारा."

"तिका काय विचारूचां?"

"मग मी विचारते. वैशाली, तुला हा साखरपुडा करायचाय?"

प्रभाच्या हातातली पळी थांबली. मला वाटलं, पोर रडेल किंवा पळून जाईल. ती दोन्हीतलं काही न करता आक्काच्या ताटाकडे बघत म्हणाली, "आत्या, ते लोणचं मी कालवलं ना, तेव्हा माझी पाळी चालू होती. खरी. दोन्ही हात कोपरापर्यंत घातले होते बरणीत. गौरी बसल्या तेव्हाही होती, नैवेद्य मीच दाखवला. तुमच्याबरोबर गावाला बरणी दिली, ती पण त्यातलीच." आणि शांतपणे पुढे म्हणाली, "मला दहावी करायची आहे."

आक्काचं तोंड चावता चावता थांबलं. फोड तोंडात, गिळवेना आणि थुंकवेना. मग ती उठली, मोरीत जाऊन चूळ भरली, परत भरली, आणि ओरडत सुटली. बाटवलान, घर बाटवलान, देव बाटवलान, असली पोरगी माझ्या घरात नको, माझ्या झिलाक शंभर मिळतली. शेजारच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. त्या घरी जाऊन काय काय सांगणार, ते सगळ्यांना दिसत होतं. याच एका गोष्टीला भिऊन प्रभाने पोरीला इतके महिने खोटं कोपऱ्यात बसवलं होतं.

मी प्रभाकडे बघितलं. म्हटलं, आता ही पोरीच्या थोबाडीत मारणार. पुढे व्हायची तयारीसुद्धा केली मी, दोरा मुठीत धरून.

प्रभाने पळी खाली ठेवली. लोणच्याची बरणी जवळ ओढली, झाकण काढलं, आणि सगळ्यांच्या देखत एक फोड काढून तोंडात टाकली. सावकाश खाल्ली. मग लेकीकडे न बघताच म्हणाली, "मीठ जरा कमी पडलंय गं. पुढच्या वर्षी बघून घाल."